आवई, वावडी, लोणकढी

मराठी माणसाच्या कानावर एखादी बिनपुराव्याची वार्ता आली म्हणजे तो तिला सरळ ‘खोटी’ असे क्वचितच म्हणतो. खोटे म्हणण्यास पुरावा लागतो, आणि पुरावा हाती नसताना दुसऱ्यास खोटा ठरविणे हेही असत्यातच जमा होते, ही जाणीव आपल्या भाषेच्या हाडीमाशी इतकी खिळलेली आहे की, ती बोलणाऱ्यास निराळी शिकवावी लागत नाही. तो म्हणतो, ही वावडी आहे; कोणी तरी पुडी सोडली; ही तर बाजारगप्प; आवई उठली आहे, पाहू या; आणि सांगणाऱ्याच्या कौशल्याचे कौतुक आवरेनासे झाले म्हणजे हसून म्हणतो, वा, काय लोणकढी आहे! या प्रत्येक शब्दाचे वजन निराळे, वापरण्याची जागा निराळी आणि हसण्याची छटाही निराळी. सोनाराच्या तराजूत गुंजा, मासे आणि तोळे असावेत तसे हे शब्द आपल्या पूर्वजांनी अप्रमाणित बोलणे जोखण्यासाठी घडविले. हे शब्द कोठून आले, कोणत्या प्रसंगांनी त्यांना आकार दिला आणि दवंडीवाल्यापासून छापील जाहिरातीपर्यंत जो जो ओरडून सांगणारा आला त्याला त्यांनी कसे मापले, हा इतिहास कोणत्याही एका दप्तरात बांधून ठेवलेला नाही. तो जेथे जेथे विखुरला आहे तेथून गोळा करावा, अशी इच्छा मला पुष्कळ दिवसांपासून आहे.

प्रारंभ तीन परकी शब्दांपासून करणे सोयीचे होईल, कारण ते इतके घरचे झाले आहेत की, त्यांचे परकेपण आता आठवावे लागते. ‘अफवा’ हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘तोंडे’. तो अनेकवचनी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका तोंडाची अफवा होत नाही, तिला पुष्कळ तोंडे लागतात आणि त्यांतले पहिले कोणते हे सापडू नये, यातच तिचे अफवापण असते. दुसरा शब्द ‘जाहिरात’. तो ‘जाहीर’पासून आला, जाहीर म्हणजे उघड, डोळ्यांस दिसणारे, बाहेर मांडलेले. त्याच्या उलट ते आतले, गुप्त. म्हणजे जाहिरातीने वस्तूची बाहेरची बाजू तेवढी दाखविली, ही तक्रार करण्यापूर्वी तिने आपल्या नावातच ते कबूल केलेले आहे हे आपण विसरू नये. तिसरा शब्द ‘खबर’; आणि याच शब्दातील अक्षरे जागा बदलून ‘बखर’ झाली, असे विद्वान सांगतात. ज्या वाङ्मयावर आपल्या इतिहासाची पहिली इमारत उभी राहिली त्याच्या नावात बातमी दडलेली आहे. बातमीचे जे दोष ते बखरीचेही दोष, आणि बातमीचा जो जिवंतपणा तोही बखरीचाच.

मराठ्यांच्या राज्यकारभारात बातमीचे महत्त्व किती होते हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांकडे पाहिले तरी कळते. मंत्री या संस्कृत नावाने ज्याचा गौरव झाला त्या प्रधानाचे आधीचे नाव वाकनीस. ‘वाका’ म्हणजे घडलेली गोष्ट, आणि ती लिहून ठेवणारा तो वाकनीस. बहिर्जी नाईक आणि त्यांचे जासूद जी वार्ता आणीत, ती नुसत्या कुतूहलाची नसे. तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत. अशा राज्यात, आणि पुढे पेशव्यांच्या अटकेपार पसरलेल्या व्यवहारात, पत्र लिहिणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागली. आपण लिहितो ते पाहिलेले की ऐकलेले, ऐकलेले असल्यास सरकारी माणसाकडून की बाजारातून, मजकूर पक्का की कच्चा, हे तो वाक्यातच सुचवून ठेवी. तहकीक, खातरजमा, शहानिशा, अस्सल, नक्कल, बनावट हे आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द दप्तरखान्याच्या आणि न्यायसभेच्या त्या शिस्तीतून उतरले आहेत. मला त्या शिस्तीविषयी मनापासून आदर वाटतो. दिल्लीहून पुण्यास पत्र पोहोचण्यास जेथे आठवडे लागत, तेथे खोटी बातमी दुरुस्त करण्यासही तेवढेच आठवडे लागत, आणि तेवढ्या अवधीत एखादी फौज चुकीच्या घाटाने उतरून गेलेली असे.

परंतु दप्तराची भाषा एक आणि छावणीची भाषा दुसरी. मराठी फौज चाले तेव्हा तिच्याबरोबर एक अख्खे गाव चालत असे; वाणी, उदमी, लोहार, चांभार, यात्रेकरू, बायकामुले, म्हणजे ज्यांना एकत्रितपणे बाजारबुणगे म्हणत, तो सर्व समुदाय तंबूंच्या मागे दुकाने मांडून बसे. संध्याकाळी चुली पेटल्या म्हणजे दिवसभराच्या बातम्या तेथे शिजू लागत. बाजारगप्प या शब्दात गावच्या पेठेइतकाच हा फिरता बाजारही मला दिसतो. त्याच्या उलट ‘आतल्या गोटातील बातमी’. गोट म्हणजे सरदाराचा तळ. त्याच्या आत ज्याचा रिघाव होता त्याची बातमी वजनदार, आणि बाहेर भाव करीत उभा असलेल्याची हलकी. आज एखादा गृहस्थ कचेरीच्या पायरीवर उभा राहून आतल्या गोटातून कळल्याचे सांगतो तेव्हा, आपण एका मराठी लष्कराच्या राहुटीचा पडदा बाजूला सारीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. आवई हीही मुख्यतः भयाचीच वार्ता. शत्रू आला, पेंढारी आले, गाव सोडा, अशी हाकाटी झाली म्हणजे आवई उठली असे म्हणत. हूल म्हणजे लढाईतील फसवी चाल. एकीकडे चढाई दाखवून दुसरीकडे घुसणे. लष्करातली हूल जशी मुद्दाम देतात तशी बातमीचीही मुद्दाम उठवितात, हे भाषेने बरोबर हेरले. आवई भीतीतून उठते, हूल हेतूतून; हा भेद ज्यांनी केला ते लोक बातमीमागचे मन ओळखीत होते.

बाजाराविषयी मात्र एक अन्याय दूर करणे मला आवश्यक वाटते. बाजारगप्प हा शब्द बाजाराला हिणवितो. पण अठराव्या शतकातील सर्वांत विश्वसनीय बातमी जर कोणाकडे असेल तर ती त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, सराफकट्ट्यावर असे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, हे ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात नोंदविले आहे. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांच्या मदतीस उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांच्या माणसांना पानिपताकडून औरंगाबादेस चाललेला सावकारांचा एक कासीद सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात युद्धाचा शब्दही नव्हता. दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्द्याची मोजदादच करता येत नसल्याचे सावकारी भाषेत लिहिलेले होते. ज्यांना वाचायचे त्यांनी ओळखले की, मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कोणी लिहून ठेवणार नव्हते ते हजारो शिपाई व बाजारबुणगे. या पत्राची आठवण झाली म्हणजे मला दर वेळी त्याच्या संयमाचे आश्चर्य वाटते. एका राज्याचा कणा मोडला असता, ज्याच्या हुंड्या त्या राज्यावर काढलेल्या होत्या तो मनुष्य आक्रोश करीत नाही, अतिशयोक्ती करीत नाही. तो नुकसानीचा आकडा लिहितो, आणि जेथे आकडा ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असे लिहितो. बातमी खोटी निघाली तर त्याची पत जाणार होती. राजाला खोटी बातमी देऊन एखादा दरबारी निभावून नेईल. आपल्याच पेढीला खोटी बातमी देणारा सावकार निभावत नाही.

व्यापाऱ्यांची ही सांकेतिक बोली म्हणजे काही एका प्रसंगापुरती युक्ती नव्हती. महाराष्ट्रातील दलाल आणि दुकानदार यांच्यात नंदभाषा नावाची एक कृत्रिम बोली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तीत केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. गिऱ्हाईक समोर उभे असता दोघे दलाल या शब्दांत खरी किंमत बोलत आणि गिऱ्हाइकाला निराळी सांगत. गुरांच्या बाजारात तर तोंडही उघडावे लागत नसे. उपरण्याखाली हातात हात घालून बोटे दाबून भाव ठरे, आणि भोवतालच्या गर्दीला त्यातले काही कळत नसे. बाजाराची एक भाषा मोठ्याने ओरडण्याची आणि दुसरी उपरण्याखालची. पहिलीत स्तुती, दुसरीत किंमत. सामान्य गिऱ्हाइकाला उपरण्याखालचे दिसत नाही, पण तेथे काही तरी चालले आहे हे दिसते. मग त्याने आपल्या संरक्षणासाठी आपलीही एक बोली घडवावी, हे क्रमप्राप्तच होते. माझ्या मते आपले हसरे शब्द या गिऱ्हाइकाने घडविले आहेत, विकणाऱ्याने नव्हे.

हे शब्द एकेक हातात घेऊन पाहण्यासारखे आहेत. वावडी म्हणजे कागदी पतंग. तिला स्वतःचे वजन नसते, वारा असेल तोवर ती वर राहते, आणि दोरी कोणाच्या हाती आहे हे खालून पाहणाऱ्यास दिसत नाही. ‘वावड्या उठविणे’ म्हणणाऱ्याने या तिन्ही गोष्टी एका शब्दात सांगितल्या. कंड्या पिकवितात, म्हणजे अफवेला पीक मानले. तिला पेरणारा असतो, तिचा हंगाम असतो आणि कापणी करून घरी नेणाराही कोणी असतो. पिल्लू सोडतात, लहान, निरुपद्रवी, कोणालाही उचलून घ्यावेसे वाटणारे, आणि चार घरे हिंडून येईतो मोठे झालेले. पुडी सोडतात, पुडीत काय आहे हे ती सुटल्यावाचून कळत नाही, आणि सुटल्यावर ती पुन्हा बांधता येत नाही. भुमका हा शब्द आता ऐकू येईनासा झाला आहे याचे मला वाईट वाटते, कारण पुराव्यापूर्वीच्या गुणगुणण्याला त्याच्याइतका नेमका पर्याय दुसरा नाही.

या सर्वांत माझा विशेष लोभ लोणकढीवर आहे. लोणकढे तूप म्हणजे ताजे लोणी नुकतेच कढवून काढलेले, ज्यात भेसळीला अवकाशच मिळालेला नाही असे तूप. बाजारातल्या बुधल्यातले तूप किती दिवसांचे आणि कशाकशाचे, हे देव जाणे. घरच्या चुलीवर डोळ्यांदेखत कढविलेले तेवढे निर्भेळ. हे शुद्धतेचे उत्तमोत्तम विशेषण मराठी माणसाने उचलले आणि थापेला लाविले. लोणकढी थाप म्हणजे जीत सत्याची यत्किंचितही भेसळ नाही आणि जी ऐकणाऱ्यासमोर त्याच क्षणी कढविलेली आहे अशी थाप. मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम व १८५७ मध्ये वाढवून प्रसिद्ध केला, तेव्हा पंडितांच्या पोथ्यांतील शब्दांबरोबर या चुलीवरच्या आणि पारावरच्या शब्दांनाही त्याने जागा दिली, हे त्याचे उपकार मोठे आहेत. अन्यथा आपल्याच सुशिक्षितांनी ते ग्राम्य म्हणून टाकून दिले असते.

बातमीच्या उगमावरून पडलेली नावे हा निराळाच वर्ग. पारावरची बातमी, चावडीवरची बातमी, पाणवठ्यावरची बातमी. आणि सर्वांत खालच्या पायरीवर चंडूखान्यातली गप्प. चंडू म्हणजे ओढण्यासाठी तयार केलेली अफू. ती ओढणारे जेथे पहुडलेले असत तेथून निघालेली वार्ता म्हणजे धुरातून निघालेली वार्ता. अलीकडे तरुण मंडळी ‘व्हॉट्सॲप विद्यापीठा’चे नाव घेतात, ते मी प्रथम ऐकले तेव्हा मला चंडूखान्याची आठवण होऊन फार समाधान वाटले. साधन बदलले, पण ऐकलेल्या गोष्टीला तिच्या उगमाचे नाव देऊन तिचे वजन ठरविण्याची रीत जिवंत आहे.

वार्ता वाढत कशी जाते याचे शास्त्र तर आपल्या आजीबाईंनी एका कथेत बांधून ठेविले आहे. एका माणसाच्या तोंडातून खोकताना एक पीस पडले. त्याने ते बायकोला सांगितले आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. तिने शेजारणीला तीच शपथ घालून दोन पिसे सांगितली. आणि गावाच्या दुसऱ्या वेशीपर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा त्या माणसाच्या मुखातून कावळे उडू लागले होते. पराचा कावळा ही म्हण तेथली. या कथेत कोणीही दुष्ट नाही, ही तिची थोरवी आहे. प्रत्येकाने एक पीस वाढविले आहे, एवढेच.

जाहिरातीचा इतिहास याच आळीतून पुढे जातो, पण त्याचा नाद निराळा आहे. तो चर्मवाद्यांचा नाद आहे. गावात सरकारी हुकूम फिरवायचा तर चावडीचा मनुष्य दवंडी पिटीत हिंडे, थांबून हुकूम सांगे आणि पुन्हा पिटीत पुढे जाई. त्या फेरीत सत्यासत्याचा प्रश्न नव्हता, हुकूम तो हुकूम. डांगोरा तेच करी, पण भाषेत येऊन तो बिघडला. एखाद्याची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे डांगोरा पिटणे. टिमकी सर्वांत लहान, आणि म्हणून जो आपली स्तुती आपणच करतो त्याच्या गळ्यात लोकांनी तीच बांधली. ज्याची कीर्ती खरी आहे त्याचा नगारा दुसरे वाजवितात. ज्याची नाही त्याला स्वतःची टिमकी स्वतःच वाजवावी लागते. आणि कुडमुडे हे हातात मावणारे वाद्य वाजवीत दारोदार भविष्य सांगणाऱ्यावरून ‘कुडमुड्या जोशी’ हे नाव पडले. आज ते पंचांग न पाहिलेल्या कोणत्याही आत्मविश्वासी सल्लागाराला लागू आहे. वाद्याच्या आकारावरून वार्तेची प्रत ठरविणारी ही योजना कोणा एका पंडिताने बसून केलेली नाही, तरी ती किती सुसंगत आहे हे पाहून मन थक्क होते.

इंग्रजी अंमल आला तोच मुळी एका जाहीरनाम्याने. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यास एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून बाजीरावाचे राज्य संपल्याचे लोकांस कळविले. दवंडीच्या जागी कागद आला. आणि छापखाने वाढू लागले तसा ‘जाहीर’ हा शब्द राजाच्या हातून दुकानदाराच्या हाती गेला. मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रे अठराव्या शतकाच्या अखेरीसच निघू लागली होती; ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले आणि मराठीलाही छापील बातमीची सवय लागली. छापील अक्षराविषयी आपल्या लोकांच्या मनात पोथीचा आदर होता. ‘छापून आले आहे’ हे वाक्य पुष्कळ काळ पुराव्यासारखे वापरले गेले, आणि औषधे विकणाऱ्यांनी या भाबड्या श्रद्धेचा जो लाभ उठविला तो मला आजही खटकतो. रामबाण हा शब्द घ्या. प्रभू रामचंद्रांचा बाण व्यर्थ जात नाही, हा ज्या शब्दाचा अर्थ, तो खोकल्याच्या गोळ्यांच्या बाटलीवर चिकटला आणि इतका झिजला की, आता ‘रामबाण’ ऐकले म्हणजे ऐकणारा सावध होतो. पुढे १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध मध्यवर्ती कायदा झाला. पण ‘बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात’ या अर्थाची म्हण त्यापूर्वी कितीतरी आधी लोकांनी करून ठेविली होती.

आठवडे बाजारात लहानपणी ऐकलेला एक तेलविक्या मला आठवतो. सापाची गोष्ट सांगता सांगता तो गुडघेदुखीवर येई, आणि सापाच्या गोष्टीचा शेवट बाटली विकल्याशिवाय सांगत नसे. आमच्या घरचा एक वृद्ध कुळवाडी ती गोष्ट दर आठवड्यास तन्मयतेने ऐकत असे आणि बाटली कधी घेत नसे. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “पोरा, गोष्ट लोणकढी हाय, त्याल न्हाई.” त्या वाक्यात विशेषणाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी होते, हे कळण्यास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

मुंबईत या बोलीची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती कापसाच्या तेजीच्या दिवसांत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे, पेढ्यांचे आणि ज्यांचा उद्योग कोणालाच ठाऊक नव्हता अशा संस्थांचे भाग हातोहात विकले जाऊ लागले. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. दलाल प्रेमचंद रायचंद कोणता भाग घेतात यावर शहर डोळा ठेवून होते. या काळात बाजारात आवई, हूल आणि कंडी यांचे एवढे राज्य माजले की, नफ्याच्या आशेने अफवा ऐकणारा आणि पसरविणारा यांत भेद उरला नाही. १८६५ च्या वसंतात मात्र एक खरी बातमी आली, अमेरिकेतील युद्ध संपल्याची. आणि १ जुलै १८६५ या हिशेबाच्या दिवशी घरेच्या घरे बुडाली. अफवेने चढलेला भाव अफवेने उतरला नाही. तो खऱ्या वार्तेने उतरला.

खरी जाहिरातही असते, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा, लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. म्हणजे येथे अप्रमाणित बोलणे गिऱ्हाइकाकडे होते आणि प्रमाण कारखानदाराकडे. ही समजूत नांगर प्रत्यक्ष चालवून दाखविल्यावाचून हटणारी नव्हती. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून जे मासिक निघू लागले त्याचे नाव शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ असे ठेविले. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या कागदाला ‘खबर’ म्हणणे हे मोठे धाडस होते, कारण त्या शब्दाने वाचकास एक वचन दिले. ते वचन पाळता पाळता तो कागद महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक झाला.

जेथे हसू थांबते अशीही स्थळे या इतिहासात आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये अर्थार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात, धर्म बुडविण्यासाठी इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे ८४ कलमे मांडल्याची वार्ता, जशी त्यांना मार्गात कळली तशी, आली आहे. अशी कलमे कोणी मांडली नव्हती. पण भटजी खोटे बोलत नाहीत, त्यांनी जे ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले, आणि त्या ऐकण्यावर माणसे मरत होती. तसेच १८९६ चे. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि लगेच रुग्णालयांत माणसांची मोमियाई, म्हणजे शरीरातून औषधी अर्क, काढतात अशी वार्ता शहरभर पसरली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ज्या चाळीतून माणसाला उचलून नेत आणि तो परत येत नसे, त्या चाळीतील लोकांना मी वावडी उठविणारे म्हणणार नाही. त्यांना कोणी काही समजावून सांगत नव्हते, आणि न सांगितलेल्याच्या जागी भयाने आपली गोष्ट रचली.

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारही याच अंधारातला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही कथा घरोघर आहे, पण त्यांचा हात होता काय याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कागदात अक्षर बदलल्याच्या दोषाला आपण जे नाव दिले, ते नावच एका न ठरलेल्या आरोपावर उभे आहे. तो वाक्प्रचार उच्चारताना मला म्हणून थोडे थांबावेसे वाटते.

या सर्व गुंत्यात ज्या पुरुषाने ‘अस्सल कागद दाखवा’ असा हट्ट धरला तो म्हणजे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा. बखरींतील वर्णने त्या पत्रांशेजारी ठेवून कोणती टिकतात आणि कोणती कोसळतात हे त्यांनी प्रस्तावनेत निष्ठुरपणे दाखविले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच तळमळीतून. खबरेची बखर झाली होती. राजवाड्यांनी बखरीखालची खबर पुन्हा उकरून काढली.

सावकाराच्या त्या पत्रातले दोन मोती मात्र अजून मनातून जात नाहीत. भाऊसाहेब पडले, पण ते पडल्याची खात्री पुण्यात सर्वांना कधीच झाली नाही, आणि काही वर्षांनी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून पुढे आला. तो रत्नागिरीच्या बंदीतून सुटला, त्याच्याभोवती फौज जमली, कोकण त्याच्या हाती गेले, आणि अखेर १७७६ मध्ये तो पकडला जाऊन पुण्यास त्याचा वध झाला. त्याने भाषेला ‘तोतया’ हा शब्द पक्का करून दिला. नरसिंह चिंतामण केळकरांनी त्याच्यावर नाटक लिहिले, आणि वर्तमानपत्रांत आजही तोतया अधिकारी पकडला जातो. पण शनिवारवाड्यात भाऊंची पत्नी पार्वतीबाई होती. तिने वैधव्याची चिन्हे घेतली नाहीत. पानिपतानंतर बावीस वर्षे, १७८३ मध्ये मरण येईपर्यंत, ती पतीची वाट पाहत राहिली. सावकाराच्या पत्रात मोती गळाल्याचे स्पष्ट लिहिले होते, दप्तराने ते मानले होते, तोतयाचा निकाल झाला होता. आणि एक स्त्री रोज सकाळी कुंकू लावीत होती. आवई नव्हे, वावडी नव्हे, हूल नव्हे, कंडी नव्हे. ती ज्या वार्तेवर जगली तिला आपल्या त्या भरगच्च शब्दसंग्रहात मी पुष्कळदा नाव शोधले आहे, आणि ते मला सापडलेले नाही.